वरची ओळ

वसई, २१ एप्रिल २००३

चि. स्वप्ना हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मच्छीमार सोसायटीच्या कामाचं आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे फाडण्याआधी निदान वाचशील. तुझ्या नावामागे काय लिहायचं यावर मी बराच वेळ पेन हातात धरून बसले होते. लग्नानंतर नेहमी 'चि. सौ.' लिहीत आले. कागदोपत्री तू अजून माझी सूनच आहेस, पण जितेशचं घर सोडून तुला वर्ष उलटलं, तेव्हा 'सौ.' वाचून तू चिडशील. नाही लिहिलं तर माझा हात अडतो. शेवटी नुसतं 'चि.' ठेवलं. त्याला तुझी हरकत नसावी.

तर काम. पाचूबंदरच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्याच्या खिडकीत तू बसवून दिलेला कॉम्प्युटर जानेवारीपासून झकास चालला होता. कुठली होडी समुद्रात आहे, तिच्यावर तांडेल कोण, त्याच्या हाताखाली माणसं किती, कधी निघाली, सगळं मोठाल्या अक्षरांत. मी इकडे गल्लीतल्या सोसायटीच्या ऑफिसात टाइप करते आणि तिकडे खिडकीत उमटतं, हे बघायला म्हातारे कोळी अजून थांबतात. होडी धक्क्याला लागली की त्या घरची बाई येऊन हिरवं बटण दाबते आणि आपली ओळ पुसते. पूर्वी काळ्या पाटीवर खडूची ओळ घरच्याच बाईने हाताने पुसायची, दुसऱ्या कोणी नाही, ही इथली रीत. तू ती पहिल्याच दिवशी विचारून घेतलीस आणि यंत्रातही ठेवलीस. म्हणून तर बायकांनी ते यंत्र आपलं म्हटलं.

पण गुड फ्रायडेला घोटाळा झाला. त्या दिवशी आपल्या बंदराची एकही होडी समुद्रात नसते, तुला माहीत आहे. आदल्या संध्याकाळी शेवटची होडी लागली ती बाप्टिस्ट तांडेलची. त्याच्या बायकोने, कॅथरिनने, बटण दाबून आपली ओळ पुसली, आणि पडद्यावरचं रकान्यांचं अख्खं टेबलच नाहीसं झालं. ओळी गेल्या ते ठीक. पण होडी, तांडेल, माणसं, निघाली, ही मथळ्यांची वरची ओळसुद्धा गेली. पडदा पांढराफटक.

कॅथरिन घाबरली. सकाळी चर्चला जाताना बघते तर तसंच. तडक माझ्या घरी आली आणि म्हणाली, "मॅडम, देवाच्या मरनाच्या दिवशी मशीन चालू ठेवली. देवानं आमची नावं पुसली." मी तिला समजावेपर्यंत बायकांनी उपाय करूनही टाकला होता. या दिवसांत चर्चमध्ये मूर्तींवर जांभळं कापड घालतात ना, तसलं कापड आणून त्यांनी तुझा कॉम्प्युटर नखशिखान्त झाकला. ईस्टरपर्यंत तो झाकलेलाच होता. आज पहाटे होड्या निघाल्या, मी पहिली नोंद टाइप केली आणि टेबल वरच्या ओळीसकट परत हजर. धक्क्यावर आता थट्टा चालली आहे की यंत्रसुद्धा ईस्टरला उठलं.

चेअरमन व्हिन्सेंट मात्र हसला नाही. त्याचं म्हणणं, पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून ठेवल्या की दोन महिने टेबल रिकामंच असणार. मग दोन महिने पांढरा पडदा बघायचा का? नारळी पौर्णिमेपर्यंत सुधारलं नाही तर तो यंत्र काढणार आणि जुनी पाटी टांगणार. सोसायटीचं नुकसान होऊ नये म्हणून तुला कळवलं. घरचा फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

जितेश बरा आहे. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही असं समज.

आशालता


वसई, १२ मे २००३

चि. स्वप्ना हिस आशीर्वाद.

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, कंपनीच्या कागदावर. वर 'प्रति, कारकून, मच्छीमार सोसायटी' आणि खाली 'आपली विश्वासू'. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. विश्वासू आहेस त्याबद्दल मला कधीच शंका नव्हती.

तू लिहितेस की टेबलात एकही नोंद नसेल तर दाखवण्यासारखं काही नसतं, म्हणून ते आपोआप लपतं, आणि यात दोष कसलाच नाही. असेल बाई. पुण्यातल्या कंपन्यांमध्ये रिकामं टेबल कोणाला बघायचं नसेल. आमच्याकडे सगळ्यांना तेच बघायचं असतं.

पाटीच्या वेळचं सांगते. तू आलीस तेव्हा तिचा रंग उडाला होता, पावसात खडू टिकत नव्हता, म्हणून तर यंत्र आलं. पण वरची ओळ पेंटरकडून ऑइलपेंटने लिहून घेतलेली होती, ती कधी पुसली जायची नाही. खाली खडूची एकही ओळ नाही आणि वर मथळे जागच्या जागी, हे दिसलं की सगळ्यांची माणसं घरी. संध्याकाळी कॅथरिन फक्त तेवढ्यासाठी धक्क्यावर जाते. तिला वाचता येतं जेमतेम. पाटी रिकामी दिसली की घरी येते आणि मग भात टाकते. आधी टाकला तर माणसाला यायला उशीर होतो, असा तिचा समज. नवऱ्याची होडी लागलेली असली तरी बाकीच्यांच्या ओळी पुसल्या जाईपर्यंत ती थांबते. आता सांग, नुसत्या पांढऱ्या पडद्याकडे बघून तिने भात टाकायचा की नाही? सगळे आले म्हणून पांढरा आहे, की यंत्र बिघडलं म्हणून, हे तिला कसं कळावं? वरची ओळ असेल तरच खाली कोणी नाही हे कळतं.

हे तुला मी शिकवायला नको. घर सोडल्यावर कोणी दुसरी असती तर सोसायटीचं कामही सोडून दिलं असतं. तू रविवार रविवार पुण्याहून यायचीस, धक्क्यावर लिलावाच्या कलकलाटात मासळीच्या टोपल्यांशेजारी बसायचीस आणि एकेकीला विचारायचीस, तुला काय दिसायला हवं. घरापर्यंत एकदाही आली नाहीस. कमळी मासळी विकता विकता तुला डबा आणून द्यायची, तो कोणी पाठवला हे तू विचारलं नाहीस. धुऊन मात्र परत पाठवायचीस, आणि धुतलेला डबा कधी रिकामा यायचा नाही, एखादी वडी तरी असायची.

आता खरं लिहिते. सोसायटीचं नुकसान वगैरे ठीक आहे. पण तुझं या गावात आता तेवढंच उरलं आहे. व्हिन्सेंटने ते काढून त्या जागी पाटी टांगली तर रोज जातायेता मला ते दिसणार. ते मला बघवणार नाही. म्हणून काय वाटेल ते कर, पण वरची ओळ राहू दे.

आशालता


वसई, ३० जून २००३

चि. स्वप्ना हिस आशीर्वाद.

कुरियरने सीडी मिळाली. बरोबर हाताने लिहिलेली चिठ्ठीही. मायना नाही, पण अक्षर तुझं, त्यावर मी समाधान मानलं. सोसायटीचा वायरमन प्रितेश याने सीडी घालून दिली. होड्या सगळ्या वाळूवर, टेबलात एकही नोंद नाही, आणि तरी वरची ओळ ठळक उभी. मी टाळी वाजवली. ऑफिसात मी एकटीच होते म्हणून बरं.

तू काय युक्ती केलीस ते प्रितेशने मला समजावलं. टेबलात तू एक खोटी, कोरी नोंद ठेवली आहेस आणि ती कोणाला दिसू नये अशी झाकली आहेस. टेबलाला वाटतं आपल्यात काहीतरी आहे, म्हणून ते लपत नाही. मला फार गंमत वाटली. तांदळाचा डबा आपण कधी पुरता रिता करत नाही, मूठभर तळाशी ठेवतो, तसंच की हे. तू माझ्या स्वयंपाकघरात जेमतेम दोन वर्षं होतीस, पण डोळे उघडे ठेवून होतीस.

एकच तक्रार. वरच्या ओळीखाली तू मोठ्या अक्षरांत लिहिलं आहेस, 'एकही नोंद उपलब्ध नाही'. तुझा हेतू चांगला, कोणाला शंका राहू नये. पण बायकांना ते खपलं नाही. पहिल्या दिवशी कमळीने हिल्डाकडून, म्हणजे कॅथरिनच्या मुलीकडून, ते मोठ्याने वाचून घेतलं आणि तिचा चेहराच उतरला. मला म्हणाली, "त्यांना सांगा, तो 'नाही' काढा. आमचे पाटीवर कदी कोनी 'नाही' लिवला नव्हता." मी म्हटलं, अगं, होडी बाहेर नाही असा त्याचा अर्थ. ती म्हणाली, तो अर्थ तिला कळतो, पण ज्या जागी माणसांची नावं लिहायची त्या जागी तिला असलं काही लिहिलेलं नको. खाली फक्त रिकामं ठेवा, असं सगळ्यांचं मत पडलं. तुझ्या कामाला नावं ठेवण्याचा हेतू नाही. त्या तुझ्यावर खूष आहेत, कमळीने तुझ्यासाठी सुके बोंबील बांधून ठेवलेत, ते कुरियरने पाठवावेत की नाही याचा मी विचार करते आहे.

दुसरी गोष्ट. नऊ तारखेला तू कोर्टात येऊन गेलीस, संमतीच्या अर्जावर सही करायला. जितेशनेच सांगितलं. कोर्टासमोर चहा घेतलास आणि परस्पर स्टेशनवर गेलीस. कोर्टापासून आपलं घर किती लांब आहे ते मी तुला सांगत नाही. तू रागावून घर सोडलंस त्याबद्दल माझं भांडण नाही. त्याने नोकरी की घर असं विचारलं आणि तू उत्तर दिलंस. तो माझा मुलगा आहे, त्याच्याबद्दल वाईट मी लिहिणार नाही, चांगलं लिहायला तूर्त काही सुचत नाही. पण मला वाईट वाटलं. चहा घरी झाला असता.

आशालता


वसई, १८ ऑगस्ट २००३

चि. स्वप्ना हिस आशीर्वाद.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात उतरल्या, आणि तुझं यंत्र खिडकीत आहे. आधी ही बातमी घे. बाकीचं सावकाश सांगते.

तुझी दुसरी सीडी आली तेव्हा मला वाटलं, ती 'नाही'ची ओळ काढून पाठवली असशील, संपलं. पण बरोबरची चिठ्ठी वाचली आणि मी जागच्या जागी बसले. तू लिहिलं होतंस, "एक गोष्ट मला कोणी विचारली नाही, पण तीन रात्री डोक्यातून जात नव्हती. ऑफिसपासून खिडकीपर्यंतची तार तुटली, तरी टेबल रिकामंच दिसेल. वरची ओळ आहे, खाली कोणी नाही. आणि कॅथरिनबाई भात टाकतील."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. व्हिन्सेंटच्या नाही, प्रितेशच्या नाही. आम्ही सगळे वरची ओळ दिसते म्हणून खुशीत होतो. तू चिठ्ठीत पुढे लिहिलंस की आता वरची ओळ आपोआप उभी राहणार नाही. ऑफिसचं यंत्र दर थोड्या वेळाने 'कोणी बाहेर नाही' असं स्वतः सांगेल तेव्हाच ती दिसेल. ऑफिसकडून काहीच कळलं नाही तर ओळ जाईल आणि पडद्यावर एकच वाक्य येईल, 'ऑफिसातून निरोप आलेला नाही, ऑफिसात विचारा.' म्हणजे ओळ आहे याचा अर्थ कोणीतरी खरंच बघून सांगितलं आहे.

व्हिन्सेंटचा स्वभाव तुला माहीत आहे. सगळ्यांसमोर त्याने स्वतःच्या हाताने तार उपटली. वरची ओळ गेली, तुझं वाक्य आलं. त्याने तार परत खोचली, ओळ परत आली. त्याने ते पुन्हा केलं, मग रुडॉल्फ तांडेलकडून करवून घेतलं. शेवटी बायकांकडे वळून म्हणाला, "वरची ओळ दिसली तर घरी जा. नाय दिसली तर मॅडमकडे जा. लक्षात ठेवा." एवढंच त्याचं भाषण. पाटी त्याने माळ्यावर टाकायला सांगितली.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून झाल्यावर कमळीने एक नारळ खिडकीतही ठेवला आणि तुझ्या यंत्राला कुंकू लावलं. कॅथरिन म्हणाली, कुंकू चालेल, पण क्रूसही करू दे. दोन्ही झालं. आता त्या यंत्राला कोणाचीच हरकत नाही.

जितेशची बदली सुरतेला झाली, मागच्या आठवड्यात गेला. जाताना त्याने विचारलं, स्वप्नाचं यंत्र चालतं का? मी म्हटलं, चालतं. त्याने मान हलवली. बास, इतकंच. घरात आता मी एकटी असते, तेव्हा फोन वाजला तर उचलणारी मीच असेन, हे सहज कळवते.

आशालता


वसई, २९ सप्टेंबर २००३

स्वप्ना,

आशीर्वाद वगैरे शेवटी लिहीन, आधी हे वाच.

परवा वादळ झालं. रेडिओवर सांगितलं होतं, पण ते उद्या येणार असं समजून होड्या पहाटेच निघाल्या होत्या. दुपारी आभाळ काळंठिक्कर पडलं, किल्ल्याच्या बाजूने वारा सुटला आणि पाणी धक्क्यावर चढायला लागलं. होड्या एकामागून एक परत लागत होत्या. बायका भिजत येऊन बटण दाबत होत्या, इकडे माझ्या पडद्यावरून ओळी कमी होत होत्या. शेवटी एकच उरली. तांडेल बाप्टिस्ट, माणसं सहा.

व्हिन्सेंटने दोन मोठ्या होड्या शोधायला तयार ठेवल्या, एक रुडॉल्फची. इंजिनं चालू, दोर सोडलेले. पण अशा समुद्रात परत जायला कोणाचा जीव धजतो? सगळे खिडकीकडे बघत होते, बाप्टिस्टची ओळ पुसली जाते का म्हणून. कॅथरिन आणि हिल्डा तिथे नव्हत्या, त्या पलीकडे वाळूवर, जिथून खाडीचं तोंड दिसतं तिथे उभ्या होत्या.

आणि ओळ गेली. पावसात लांबून तेवढंच दिसलं. कोणीतरी ओरडलं, आली, बाप्टिस्टची आली, कॅथरिननं पुसली. रुडॉल्फचा माणूस दोर परत खांबाला टाकायला लागला. त्याला मी दोष देत नाही, त्याच्याही घरी पोरं आहेत. पण खिडकीपाशी कमळी होती. तिने वर बघितलं, मथळेही गेले होते, नुसतं तुझं वाक्य होतं. ती धावत धक्क्याच्या टोकाला गेली आणि म्हणाली, "दोर बांधू नका. वरची ओळ नाय." मग ऑफिसात आली, चिंब भिजलेली, दारातूनच विचारलं, बाप्टिस्टची लागली का? मी म्हटलं, नाही, माझ्याकडे अजून आहे. तेवढं ऐकून ती तशीच मागे पळाली.

माडाची झावळी पडून तार तुटली होती.

दोन्ही होड्या गेल्या. बाप्टिस्टच्या पंख्यात जाळं गुंतून इंजिन बंद पडलं होतं आणि होडी खडकाकडे वाहत चालली होती. रुडॉल्फने दोर टाकला. दिवेलागणीच्या आत त्यांनी तिला ओढून आणलं, सहाच्या सहा माणसं जिवंत. एकाचा हात मोडला आहे, तो प्लॅस्टर दाखवत हिंडतो आहे.

स्वप्ना, जूनमधली सीडी असती तर वरची ओळ उभीच राहिली असती आणि खाली रिकामं. दोर बांधले गेले असते. कॅथरिनला कोणी सांगितलं असतं, पाटी रिकामी झाली, चल घरी. तिने भात टाकला असता. मी त्या रात्रीपासून हेच डोक्यात घेऊन बसले आहे. कोणी विचारलेलं नसताना तू पुण्यात बसून कॅथरिनच्या भाताची काळजी केलीस, म्हणून सहा माणसं घरी आली. मला तुझा अभिमान वाटतो. सून म्हणून वाटतो की आणखी कोण म्हणून, ते मला ठरवता येत नाही आणि ठरवायची घाईही नाही.

प्रितेशने पावसातच तार जोडली. कॅथरिन खिडकीशी आली, तिने बटणावर बोट ठेवलं आणि बराच वेळ दाबलंच नाही. बाप्टिस्ट मागे कुडकुडत उभा. मग दाबलं. ओळ गेली, वरची ओळ राहिली. होडी, तांडेल, माणसं, निघाली. खाली काही नाही. सगळी माणसं त्या रिकाम्या टेबलाकडे बघत उभी होती. कॅथरिनने डोळे पुसले, नवऱ्याला म्हणाली, चला, भात टाकते.

अनेक आशीर्वाद.

आशालता


वसई, १५ डिसेंबर २००३

चि. स्वप्ना हिस अनेक आशीर्वाद.

वादळाच्या पत्राला तुझा फोन आला, त्या फोनवर तू बोललीस थोडं आणि रडलीस जास्त. मीही काही कमी रडले नाही. त्यानंतर आज तुझं पत्र. शुक्रवारी निकाल लागला हे मला जितेशनेही कळवलं. चला, सुटलात दोघं. मला वाईट वाटतं आहे आणि बरंही वाटतं आहे, दोन्ही एकदम वाटू शकतं हे या वयात नव्याने कळलं.

पत्राला तू मायना लिहिला नाहीस आणि त्याचं कारणही सरळ लिहिलंस. "आता तुम्हाला काय म्हणायचं तेच कळत नाही. आई म्हणायचा हक्क कोर्टात सोडून आले." वाचून मला तुझा रागच आला. कोर्टाने तुझं आणि जितेशचं बघितलं. माझ्याबद्दल तिथे कोणी एका शब्दाने विचारलं का? मी कुठे सही केली?

घरात सून नाही, हे आता मला मान्य करायलाच हवं. त्या रकान्यात कोणाचं नाव नाही. पण रकानाच नव्हता असं मी कशी म्हणू? तूच आमच्याकडे एवढी खटपट केलीस की खाली कोणी नसलं तरी वरची ओळ राहिली पाहिजे, आणि ती खोटी राहता कामा नये, कोणीतरी खरंच बघून सांगितल्यावरच राहिली पाहिजे. मी बघून सांगते आहे. माझ्याकडची ओळ आहे तिथे आहे. तुझ्याकडे ती आहे की नाही ते तू बघ आणि कळव. नसेल तर तसंही कळव, मी समजून घेईन. पण मायन्याशिवाय पत्र पाठवू नकोस. मला ते त्या पांढऱ्या पडद्यासारखं वाटतं, काय समजायचं तेच कळत नाही.

आता आमंत्रण. नाताळला एकही होडी समुद्रात नसते. म्हणजे दिवसभर खिडकीत नुसती वरची ओळ असणार. तू हे सगळं केलंस, पण रिकामं टेबल स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाहीस. त्याच्यासमोर लोक कसे उभे राहतात ते येऊन बघ. कॅथरिनने जेवायला बोलावलं आहे, बाप्टिस्टला तुझे पाय धरायचे आहेत, त्याला मी आवरीन. कमळीचे बोंबील अजून माझ्याकडेच आहेत, घरभर वास सुटला आहे. जितेश सुरतेलाच राहणार आहे. घरी उतरायचं की धक्क्यावरून परत जायचं ते तू ठरव. मी आग्रह करणार नाही, म्हणजे थोडा करीन.

आशालता


वसई, २४ डिसेंबर २००३

चि. स्वप्ना,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. टाकलं तरी तुला मिळायचं नाही, तू तोवर निघालेली असशील. आलीस की हातात देईन.

दुपारी पोस्टमन तुझं पाकीट देऊन गेला. उघडलं तर आत एकच कागद. वर, कागदाच्या मधोमध, तुझ्या अक्षरात 'तीर्थरूप आईंस'. खाली काहीच नाही. उलटून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. सही नाही, तारीख नाही. खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, लिहायला घेतलं आणि लिहवलं नाही, तसंच पाठवून दिलं.

तेवढ्यात कॅथरिन उद्याच्या जेवणाचं विचारायला आली. मला तसं बसलेलं बघून म्हणाली, काय झालं? मी कागद तिच्यापुढे धरला. तिने तो नीट हातात घेतला.

"वर काय लिवलंय?"

"तीर्थरूप आईंस."

"आनि खाली?"

"काही नाही."

कॅथरिनने कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू म्हणते आहे की इतकी वर्षं धक्क्यावर नोकरी करून मला एवढंही कळू नये.

"मग बसल्या काय, मॅडम? भात टाका."

तू निघाली असशील आता. तांदूळ निवडून झाले, धुवायला घेते.

आई